खाली घेतलेली गाडी हायवेला भरकटते, टायर आतून खाते: काय आणि कुठल्या क्रमानं तपासायचं

आधी लक्षणं.

पुढचे टायर बाहेरून बघितले तर खाचा भरपूर दिसतात, पण आतली कड गुळगुळीत झालेली असते, कधीकधी तार दिसेपर्यंत. ऐंशीच्या पुढं गाडी सरळ धरत नाही, स्टिअरिंगला सतत बारीक दुरुस्ती करावी लागते. एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग हातात झटका देतं आणि गाडी क्षणभर त्या बाजूला वळते. वळणात गाडी सुरुवातीला छान बसते, आणि मधेच खड्डा लागला की एकदम पुढून बाहेर सरकते किंवा पाठ उडते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की पुढून ‘टण्ण’ असा आवाज. मागं तिघं बसले की प्रत्येक स्पीडब्रेकरला दणका.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील आणि गाडी आखूड स्प्रिंग टाकून किंवा आहे ती स्प्रिंग कापून खाली घेतलेली असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. मी कोल्हापुरात सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचं काम करतो. स्विफ्ट, बलेनो, पोलो, आय-ट्वेंटी, सिटी, व्हर्ना या गाड्या याच तक्रारी घेऊन येतात. या सगळ्यांची रचना मुळात सारखी आहे: पुढं मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात), मागं टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी तुळई). त्यामुळं बिघाडही सारखे आणि तपासायचा क्रमही सारखाच.

गिऱ्हाईक येताना बहुतेक वेळा निदान घेऊनच येतं: “अलाइनमेंट बसत नाही, तीनदा केली.” अलाइनमेंट बसत नाही हे खरं, पण ती सुरुवात नाही. खाली घेतलेल्या गाडीत सगळ्यात आधी संपतो तो चाकाला वर जायचा वाव. तो शिल्लक आहे का, हे बघितल्याशिवाय बाकीच्या दुरुस्त्यांवर पैसे घालू नका.

वाव म्हणजे काय? समजा कंपनीच्या उंचीला चाक वर जाऊन शॉकअपमधल्या रबरी स्टॉपरला टेकेपर्यंत ७० मिलिमीटर अंतर होतं. गाडी ५० नं खाली घेतली. उरले २०. मागं दोन माणसं आणि डिकीत सामान आलं की ते २० सुद्धा उभ्या जागी संपतात. आता गाडी स्प्रिंगवर नाही, स्टॉपरवर चालते आहे. स्टॉपर थोडा दबला की दगडासारखा कडक होतो. सरळ रस्त्यावर त्याचा फक्त दणका बसतो. वळणात बाहेरचं चाक स्टॉपरवर गेलं की त्या चाकावर भार एकदम चढतो आणि टायरची पकड सुटते. पुढचं चाक टेकलं तर गाडी वळणाबाहेर जाते, मागचं टेकलं तर पाठ सुटते. आंबोली घाटातून गोव्याला जाऊन आलेली पोरं मला हेच सांगतात: “दोघं असताना गाडी एक नंबर होती, पाचजण बसलो आणि वेगळीच गाडी झाली.”

दुसरी एक समजूत इथंच बाजूला करतो. गाडी खाली आली म्हणजे वळणात आपोआप कमी झुकणार, असं सगळे धरून चालतात. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये तसं होत नाही. खालचा आर्म (लोअर आर्म, चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी दांडी) कंपनीच्या उंचीला साधारण आडवा किंवा चाकाकडं किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की तो चाकाकडं चढता होतो. वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू या आर्मच्या कोनावर ठरतो, आणि गाडीचं वजन जेवढं खाली येतं त्यापेक्षा तो बिंदू जास्त खाली जातो. म्हणजे झुकवणारी तरफ लांब होते. नुसती उंची कमी केली आणि स्प्रिंग पुरेशी कडक नसेल, तर गाडी आधीपेक्षा जास्त झुकते. चांगल्या कंपनीच्या आखूड स्प्रिंग मूळच्यापेक्षा कडक असतात त्याचं हे एक कारण. दुसरं कारण, कमी वावात तेवढाच धक्का पेलायचा असतो.

आता तपासण्या. फुकटच्या आधी.

हवा, टायर आणि हाताचा तळवा

सकाळी गाडी हलवायच्या आत, टायर थंड असताना हवा मोजा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीचा तक्ता असतो, तोच आकडा धरा. खाली घेतलेल्या गाडीत पोरं बहुधा रिमही बदलतात, टायरची भिंत बुटकी होते आणि मग दणका कमी व्हावा म्हणून हवा कमी ठेवतात. बुटक्या टायरला कमी हवा म्हणजे खड्ड्यात रिम वाकायची तयारी. वाकलेलं रिम आणि बिघडलेलं सस्पेन्शन गाडीत बसून सारखंच वाटतं, म्हणून हे आधी संपवा.

मग टायरवरून तळवा फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागत असेल तर दोष ‘टो’चा, म्हणजे चाकं एकमेकांना समांतर नाहीत. दोन्ही दिशांना गुळगुळीत पण आतली कड सपाट झालेली असेल तर कॅम्बर जास्त आहे, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कलला आहे. दोन्ही असू शकतं, पण टायर लवकर कोण खातं हे समजून घ्या. पुढची चाकं मिळून ४ मिलिमीटर टो चुकली असेल, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला २ मिलिमीटर येतात. तेवढ्यानं ते चाक दर किलोमीटरला साधारण ५ मीटर आडवं घासत जातं. कॅम्बरमुळं भार आतल्या कडेवर सरकतो, पण चाक असं फरपटत नाही. म्हणून “कॅम्बरनं टायर खाल्ले” असं कुणी म्हणालं की मी आधी टो बघतो.

गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर पुढचे टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघा (टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका). ओढायची बाजू बदलली तर दोष टायरचा आहे, सस्पेन्शनला हात लावायचं कारण नाही.

मोजपट्टी

सपाट जागा शोधा. सपाट म्हणजे खरोखर सपाट. अंगणातली फरशी पाण्याला उतार देऊन बसवलेली असते. स्टिअरिंग सरळ, डिकी रिकामी. गाडी दोन-चार वेळा पुढं-मागं करून सोडा, म्हणजे चाकं आपापल्या जागी बसतील. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायर आणि हवा मिसळते.

डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा आणि कारण शोधा. कापलेल्या स्प्रिंगमध्ये हे हमखास सापडतं, कारण दोन्ही बाजू एकाच जागी कापलेल्या नसतात, किंवा कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसलेलं नसतं. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त खाली बसली असेल तर हेडलाइट वर उचललेले असतात. नुसता एक अंश कोन बदलला तरी २५ मीटरवर झोत ४४ सेंटिमीटर वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात बसतो. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावून बघा.

कॅम्बरचा अंदाजही घरी येतो. ओळंबा घ्या, गवंड्याकडं असतो तो. चाकासमोर सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या ओठापासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. १५ इंची रिमला साधारण ७ मिलिमीटर फरक म्हणजे एक अंश. मशीनइतकं अचूक नाही, पण डावीकडं एक अंश आणि उजवीकडं अडीच असेल तर ते इथंच कळतं.

केबल टाय: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची तपासणी

ज्याच्या गाडीचा दणका बसतो त्याला मी आधी हेच करायला सांगतो. पुढचं चाक काढा (गाडी जॅकवर, खाली स्टँड लावूनच, नुसत्या जॅकवर कधीच नाही). शॉकअपच्या रॉडवरचं धुळीचं रबरी बूट वर सरकवा, रॉडभोवती प्लास्टिकचा केबल टाय बेताचा आवळा आणि खाली शॉकअपच्या नळीला टेकवून ठेवा. चाक लावा, गाडी नेहमीच्या रस्त्यानं नेहमीच्या वेगानं फिरवा. शॉकअप दबला की नळी टायला वर ढकलते आणि टाय तिथंच राहतो. परत येऊन बघा कुठपर्यंत गेला.

तो स्टॉपरपर्यंत जाऊन भिडला असेल तर वाव संपलेला आहे. कधीतरी मोठ्या खड्ड्यात भिडणं ठीक, स्टॉपर त्यासाठीच असतो. रोजच्या रस्त्यावर, गाडीत एकटे असताना भिडत असेल तर गाडी तुम्ही ठेवलेल्या उंचीला चालवण्यासारखी नाही. मागच्या शॉकअपला पण टाय लावा आणि मागं माणसं बसवून फिरवा; एकट्यानं फिरवून मागचं काहीच कळत नाही.

स्टॉपर आहे का हेही याच वेळी दिसतं. वाव वाढावा म्हणून काही ठिकाणी तो काढूनच टाकतात. स्टॉपर नसलेली गाडी मी अलाइनमेंटला घेत नाही, आधी तो बसवतो. त्याच्याशिवाय शॉकअप आतून लोखंडाला लोखंड आपटतो, सील फुटतं, तेल बाहेर येतं. कमी उंचीसाठी आखूड स्टॉपर मिळतात, किंवा ज्या स्प्रिंगसोबत निर्मात्यानं स्टॉपर किती कापायचा हे लिहून दिलेलं असतं, तिथं तेवढाच कापायचा.

स्प्रिंग सैल होते का

गाडी स्टँडवर असतानाच, चाक लोंबकळत असताना स्प्रिंग हातानं फिरवून बघा. फिरता कामा नये. आखूड स्प्रिंग आणि मूळ लांबीचा शॉकअप अशी जोडी असेल तर चाक पूर्ण खाली लोंबकळल्यावर स्प्रिंग सैल पडते. खोल खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकर ओलांडून चाक खाली येताना हेच घडतं, आणि स्प्रिंग परत बसताना वाटीत सरकून बसली तर वेडीवाकडी बसते. स्प्रिंग हातानं फिरत असेल तर गाडी तिथंच ठेवा. चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा.

स्प्रिंग घट्ट आहे, पण उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टण्ण’ वाजतं? बॉनेट उघडा, एकानं स्टिअरिंग फिरवावं आणि दुसऱ्यानं स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगवर हात ठेवावा. तिथं झटका जाणवला तर माउंटिंगमधलं बेअरिंग जाम आहे: चाकासोबत स्प्रिंग वळायला बघते, बेअरिंग वळत नाही, पीळ साठतो आणि एकदम सुटतो. भाग महाग नाही, पण तो बदलायला स्ट्रट उघडावा लागतो, आणि स्ट्रट घरी उघडायचा नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेला जोर स्प्रिंग दाबायच्या साध्या कंप्रेसरवरून निसटला तर माणूस जागेवर जातो. हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. कमी उंचीच्या स्प्रिंगचे वेढे जवळजवळ असल्यामुळं कंप्रेसरचे हुक नीट बसत नाहीत, म्हणून ते निसटण्याचा धोका आणखी जास्त.

बुश सैल करून परत आवळणं

ही तपासणी सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि माझ्या हातून सगळ्यात जास्त गाड्या यानंच सुधारल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर.

लोअर आर्मचं बुश म्हणजे रबराच्या मधे लोखंडी नळी. बोल्ट आवळला की ती नळी चेसिसला जखडली जाते. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळतं. त्यामुळं बोल्ट ज्या उंचीला आवळला त्या उंचीला रबर निवांत असतं. कंपनीनं तो कंपनीच्या उंचीला आवळलेला. तुम्ही गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली आणि बोल्टला हात लावला नाही, तर रबर आता चोवीस तास पिळलेलं आहे. त्याहून वाईट म्हणजे स्प्रिंग बदलताना आर्म सोडवला आणि चाकं हवेत लोंबकळत असतानाच परत आवळला. तसं केलेल्या गाडीत रबराला खाली उभं राहिल्यावर दुप्पट-तिप्पट पीळ बसतो.

पिळलेलं रबर स्वतःच एक स्प्रिंग होतं. गाडी कडक लागते, डावी-उजवी उंची जुळत नाही, ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग बाजूला जातं. काही महिन्यांत रबर फाटतं, मग आर्म पुढं-मागं हलायला लागतो आणि अलाइनमेंट रोज वेगळी येते. तीनदा अलाइनमेंट करून न बसलेल्या गाड्यांत मी आधी इथं बॅटरी मारतो.

उपाय साधा आहे, पण जागा हवी. गाडी चाकांवर उभी असताना खाली जाता यायला पाहिजे, म्हणजे पिट किंवा रॅम्प. बोल्ट थोडे सैल करायचे, गाडी दाबून-सोडून, पुढं-मागं हलवून तिच्या उंचीला बसू द्यायची, मग टॉर्क पान्यानं कंपनीच्या आकड्याला आवळायचं. पुढच्या लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचेही. जॅकवरच्या गाडीखाली हे करता येत नाही, कारण जॅकवर चाकं लोंबकळतात. शिवाय काही युरोपीय गाड्यांत हे बोल्ट एकदा ताणून आवळले की बदलायचेच असतात; पोलोवाल्यांनी नवे बोल्ट घेऊनच कामाला बसावं. पिट नसेल तर मेकॅनिककडं जा, पण “चाकांवर उभी असताना आवळा” हे वाक्य स्वतः म्हणा आणि समोर उभं राहून करून घ्या.

आता अलाइनमेंट

उंची ठरलेली, बुश निवांत, टायर बरे. आता मशीनवर. नवीन स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून टाकल्यानंतर चारशे-पाचशे किलोमीटर चालवून मगच शेवटची अलाइनमेंट करा. मधल्या काळासाठी टो तेवढी लगेच जुळवून घ्या, नाहीतर तेवढ्यातच टायरची कड जाते.

चार चाकांची करा आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा. दुकानदार “मशीनवर हिरवं आलं” म्हणाला एवढ्यावर निघू नका. टो कंपनीच्या आकड्यात यायलाच हवी. पुढचा कॅम्बर उणे दीड अंशापर्यंत रोजच्या गाडीला चालतो, पण डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. या गाड्यांत पुढचा कॅम्बर कंपनीकडून फारसा जुळवता येत नाही. स्ट्रट दोन बोल्टवर बसत असेल तर कॅम्बर बोल्ट टाकून अंशभर मिळतं. मागच्या टॉर्शन बीमला तर टो-कॅम्बर जुळवायची सोयच नसते. तिथं आकडे बाहेर असतील तर बीम वाकलाय किंवा बुश गेलंय. गाडी खाली घेतल्यामुळं ते होत नाही, म्हणून कारण दुसरीकडं शोधा.

सगळं आकड्यात, तरी खड्ड्यात स्टिअरिंग झटका देतं

इथून पुढं हाताचं काम कमी आणि भूमितीचं जास्त. चाक वर-खाली होताना लोअर आर्मचं टोक एका वर्तुळात फिरतं आणि टाय रॉडचं (स्टिअरिंगची हालचाल चाकाला पोचवणाऱ्या दांडीचं) टोक दुसऱ्या. कंपनीनं दोन्ही असे ठेवलेले असतात की नेहमीच्या हालचालीत ते जवळजवळ सोबत चालतात. गाडी खाली घेतल्यावर दोन्ही वर्तुळांच्या त्या भागात येतात जिथं ते फाकतात. मग चाक वर गेलं की टो आपोआप बदलते, म्हणजे तुम्ही स्टिअरिंग न फिरवताही चाक वळतं. कुठल्या दिशेनं, हे स्टिअरिंगचा रॅक एक्सलच्या पुढं आहे की मागं यावर. उभ्या गाडीवर मोजलेली टो बरोबर असूनही गाडी भरकटते ती यामुळं.

फोन जमिनीवर ठेवून समोरून दोन्हीचा फोटो काढा, गाडी चाकांवर असताना. आर्म आणि टाय रॉड दिसायला समांतर नसतील, किंवा दोन्ही चाकाकडं ठळक चढत असतील, तर उत्तर मिळालं. यावर लांब बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा चाकाकडचा जोड), टाय रॉड एंडखाली चकत्या असे उपाय विकले जातात. स्टिअरिंगच्या जोडात घरगुती चकत्या घालायच्या नाहीत. त्या गाडीसाठीच बनवलेला भाग मिळत असेल आणि बसवणाऱ्यानं चाक वर-खाली करून टो मोजून दाखवली, तर ठीक. नाहीतर गाडी १५-२० मिलिमीटर वर घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यात झटका गेलेला असतो.

त्याच फोटोत आणखी दोन गोष्टी बघा. स्टॅबिलायझर बारची (वळणात झुकणं कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक तिरकी होऊन बार एक्सलला घासतो का. घासत असेल तर आखूड लिंक लागते. आणि एक्सलचं बूट घडीवर फाटलंय का. फाटलं असेल आणि वळताना कटकट येत असेल तर एक्सलचा जॉइंट खराब व्हायला लागलाय.

मागचा ब्रेक, जुन्या गाडीत

एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत मागच्या एक्सलजवळ ब्रेकच्या नळीवर एक व्हॉल्व असू शकतो, एक्सलला स्प्रिंगनं किंवा दांडीनं जोडलेला. मागं वजन बसलं, गाडी खाली आली, की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तुमची गाडी कायमची खाली आहे, म्हणजे व्हॉल्वच्या लेखी ती कायम भरलेली. रिकाम्या गाडीत, पावसात, जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. पाऊस सुरू झाला की अशा गाड्या येतात, आणि चालकाला वाटतं टायर घसरला. असा व्हॉल्व दिसला तर स्वतः दांडी वाकवू नका. ब्रेकचं काम कंपनीच्या पुस्तकानुसार, ते करणाऱ्याकडूनच.

इथं थांबा

स्प्रिंग गॅसनं कापलेली असेल तर वरची एकही तपासणी करू नका. आचेनं तारेची कडक मुरवण जाते, ती जागा बसते किंवा तुटते, आणि कुठं तुटेल हे सांगता येत नाही. ग्राइंडरनं कापलेली आचेच्या बाबतीत त्याहून बरी, पण तिथंही हिशेब समजून घ्या: सहा कामाच्या वेढ्यांतला एक काढला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते, आणि मूळ शॉकअप त्या कडकपणाला बनलेला नसतो. गाडी एका धक्क्यावर दोन-तीनदा उसळते ती यामुळं. दोन्हीवर उपाय एकच, पूर्ण स्प्रिंग घाला.

शॉकअप तेल गळतोय, बॉल जॉइंट हातानं हलतोय, स्ट्रट उघडायचाय, ब्रेकची नळी ताणलेली दिसतेय: यात स्वतः हात घालू नका. टायरची तार दिसत असेल तर स्टेपनी लावून जा, पण हायवेला नाही.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला अशा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनीही हाच प्रश्न विचारते. म्हणून मूळ स्प्रिंग आणि स्टॉपर भंगारात घालू नका.

किती खाली, हा प्रश्न रोज येतो. पाच माणसांची, पावसाळ्यात चालणारी गाडी मी मूळ उंचीपेक्षा २५ मिलिमीटरहून जास्त खाली घेत नाही. कारण रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. स्विफ्ट त्याच्या मधोमध असताना पुढची-मागची दोन्ही चाकं त्याच्यावरच असतात, म्हणून पोटाखालचे फक्त साडेचार सेंटिमीटर जातात. असा असेल तर खाली घेतलेली गाडीही आरामात निघते. पण गल्लीतल्या लोकांनी रात्रीत घातलेला मीटरभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच उंचवटा आला की चारही चाकं जमिनीवर आणि पोटाखाली पूर्ण १५. नव्या स्विफ्टचं, गाडी रिकामी असताना, पोटाखालचं अंतर १६३ मिलिमीटर आहे. वजाबाकी तुम्हीच करा, आणि चार माणसं बसवून परत करा.

मेकॅनिककडं जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: चारही चाकांची मध्यापासून फेंडरपर्यंतची उंची, केबल टाय कुठं थांबला ते (एकटे असताना आणि भरलेल्या गाडीत), टायरवर करवत कुठल्या दिशेला लागते, आणि स्प्रिंग कधी, कुठली, कापलेली की तयार. मी हा कागद मिळाला की गाडी सरळ पिटवर घेतो.